भिंत झाकण्याआधी

१४ ऑक्टोबर

आज वीज कंपनीचा माणूस खांबावर चढला आणि आमच्या घराची वायर सोडवून खाली उतरला. माफी मागितल्यासारखा चेहरा केला होता त्याने. मी म्हटलं, "तुझा काय दोष? तू तुझं काम कर."

मागच्या खोलीची पोकळ लाकडी भिंत गेल्या आठवड्यात आतल्या आत जळली. ज्वाळा म्हणून दिसलीच नाही. नुसता वास, आणि बघता बघता तपकिरी होत गेलेला एक डाग. माझ्या बायकोला, आयलीला, आधी वास आला. मी मेन स्विच पाडला, कुऱ्हाडीने भिंत फोडली आणि बादल्या ओतल्या. ही वायरिंग माझ्या वडिलांनी केलेली होती. त्यांनी केलं म्हणजे ते कायमचं, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो.

धुराने आयलीची फुप्फुसं आणखी बिघडली. आता ऑक्सिजनचं मशीन सतत लागणार, आणि मशीन विजेवर चालतं. सरकारी तपासणी पास झाल्याशिवाय घराला वीज नाही. म्हणून माझी बायको शहरातल्या शुश्रूषागृहात आणि मी इथे कंदिलाच्या उजेडात. जनरेटरवर मशीन चालवू का, असं नर्सला विचारलं, तर म्हणाली, "आणि मध्येच पेट्रोल संपलं तर?"

१६ ऑक्टोबर

शहरातला इलेक्ट्रिशियन बर्फ वितळेपर्यंत रिकामा नाही. पलीकडच्या गावातला फोनच उचलत नाही. स्वतःच्या घराची वायरिंग स्वतः करायला आमच्याकडे मुभा आहे, परवाना काढला की झालं. आज काढला. तपासणी दोनदा होते. एकदा भिंती उघड्या असताना, वायरी डोळ्यांना दिसतात तेव्हा. दुसरी सगळं पुरं झाल्यावर.

शेजारचा ड्वाइट आणि त्याची बायको मार्लीन आले होते. ड्वाइट म्हणाला, "रेनो, मी येतो मदतीला. मार्लीनचा भाऊपण येईल."

म्हटलं, "बघू."

"तुझं 'बघू' म्हणजे 'नको'. ओळखतो मी तुला."

ओळखतो तर विचारतो कशाला? जन्मभर खाणीत मोठाली यंत्रं दुरुस्त केली मी. चार खोल्यांच्या वायरी ओढायला मला लोकांच्या तोंडाकडे बघायची गरज नाही.

२० ऑक्टोबर

मागची खोली आयलीसाठी करायची. तिला आता जिना चढवणार नाही. खिडकी मोठी आहे, बाहेर सफरचंदाचं झाड आहे आणि खाली पडलेली सफरचंदं खायला हरणं येतात. पलंग खिडकीशी लावायचा, उशाशी मशीन. मशीनला स्वतंत्र वायर थेट मेन बोर्डापासून नेणार, दुसऱ्या कशाचाही भार तिच्यावर नाही. अर्थिंग नव्याने करणार.

आज तिला हे सगळं कागदावर काढून दाखवलं. तिने नीट बघितलं. मग म्हणाली, "कोट काढ की. बस जरा."

बसलो थोडा वेळ. पण दिवस लहान होत चाललेत आणि उजेड आहे तोवरच काम होतं. निघालो.

२७ ऑक्टोबर

जुन्या भिंती उतरवल्या. आतून उंदरांची घरटी निघाली, वायरीवरचं कापड कुरतडलेलं. वडिलांनी एका वाशावर पेन्सिलने तारीख लिहिली होती. ती पुसली नाही.

गुडघे दुखतात. संध्याकाळी सौना, म्हणजे आमची वाफेच्या अंघोळीची खोली, लाकडं घालून पेटवून बसलो. एवढी एक गोष्ट बरी की तिला वीज लागत नाही.

आयलीकडे गेलो होतो. म्हणाली, "तू माझ्याशी बोलायला येतोस की वायरींचा हिशेब द्यायला?"

"तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

"ते कळतं रे मला," म्हणाली. मग जरा थांबून, दम घेत, "कधी संपेल?"

म्हटलं, पहिली तपासणी शिकारीच्या आधी उरकायला हवी. पंधरा नोव्हेंबरला हरणांची शिकार सुरू झाली की या भागात एक बाप्या घरात सापडत नाही. शाळासुद्धा बंद. तपासनीसही त्याच्या कॅम्पवर जाऊन बसेल.

"आणि भिंती?"

"भिंती नंतर. आधी दाखवायचं, मग झाकायचं."

तिने मान हलवली. पण ऐकत होती असं वाटलं नाही. निघताना म्हणाली, "तो फोन जरा माझ्याजवळ सरकव." कॅरनशी, आमच्या मुलीशी, बोलायचं असेल.

५ नोव्हेंबर

वायरी ओढून झाल्या. उभ्या वाशांना भोकं पाडून त्यातून नेल्यात. भोक वाशाच्या कडेला आलं तर तिथे बाहेरून पोलादी पट्टी ठोकायची असते, म्हणजे पुढे कुणी स्क्रू मारला तर तो वायरीत घुसत नाही. काही ठिकाणी पट्ट्या कमी पडल्या. तपासणीच्या आधी आणून ठोकेन. माझ्याच घरात मला न विचारता स्क्रू मारायला येतंय कोण?

तपासनीस ट्रेम्बाथला फोन केला. तेरा तारीख मिळाली. याचा बाप खाणीत माझ्या हाताखाली होता.

८ नोव्हेंबर

काय लिहू कळत नाही.

सकाळी आयलीचा निरोप आला, दिवसभरासाठी ये. घाबरून पळत गेलो. तर ती उशांना टेकून बसलेली, केस विंचरलेले. म्हणाली, "आज शनिवार आहे. आज कुठे जायचं नाही." लग्नानंतर आम्ही गावात भाड्याने राहिलो होतो, ते बोलत बसली. तिथलं स्वयंपाकघर तिने लोण्यासारख्या पिवळ्या रंगाने रंगवलं होतं आणि घरमालकाने आकांडतांडव केलं होतं. मग माझ्या आईच्या गोष्टी. मी घड्याळाकडे बघितलं की माझी बाही धरायची. माझ्या डोक्यात त्या राहिलेल्या पट्ट्या. चार वाजता तिने बाही एकदाची सोडली.

घरी आलो तर अंगणात गाड्याच गाड्या. फिनलंडहून इथे आलेल्या आमच्या आजोबा-पणजोबांपासूनची रीत आहे, एकाचं काम अडलं की सगळी वस्ती न बोलावता जमते आणि काम उपसून टाकते. कुणाचं कोठार, कुणाचं छप्पर. मीही गेलोय कितीतरी जणांकडे. माझ्याकडे कुणाला येऊ दिलं नव्हतं, एवढंच.

आत गेलो. थंडी अडवणारा कापूस भरलेला, त्यावर जिप्सम बोर्ड मारलेले, सांधे लिंपलेले. खिडकीच्या भिंतीला तर रंगाचा एक हातही दिलेला, पिवळ्या रंगाचा. एकही वायर दिसत नव्हती.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ड्वाइटच्या भुवयांवर पांढरी धूळ. तो म्हणाला, "बोल की रे! शिकारीच्या आत उरकलं की नाही?"

मार्लीनने वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता, कॉफी ओतत होती. मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, "छान झालंय." आणखी काय म्हणणार? ज्यांनी आपला शनिवार मोडून माझं घर उभं केलं, त्यांना म्हणू की तुम्ही माझं वाटोळं केलंत? मूग गिळून कॉफी प्यायलो.

जाताना ड्वाइटला विचारलं, "तपासणी व्हायची होती, हे ठाऊक नव्हतं का तुला?"

त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "झाली ना? झाली असं कळलं होतं मला."

"कुणाकडून?"

तो बुटांकडे बघायला लागला. "असंच. कानावर आलं." मग म्हणाला, "चालून जाईल ना रे?"

"बघू," म्हटलं. या वेळी 'बघू'चा अर्थ त्याने विचारला नाही.

१३ नोव्हेंबर

पाच दिवस हातावर हात ठेवून बसलो होतो. ट्रेम्बाथ समजून घेईल, असं मनात धरलं होतं. आपल्या माणसाचा मुलगा.

त्याने खोलीभर फिरून बघितलं. भिंतीवर तळहात ठेवला. "काम सुरेख झालंय, काका. पण मला भिंत नाही बघायची."

"आत सगळं नीट आहे. मी स्वतः ओढल्यात वायरी."

"असेल."

"तुझ्या बापाने माझ्या शब्दावर जीव पणाला लावला असता."

"लावला होताच. बाबा सांगायचे." तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. "काका, तुमच्या शब्दावर मी कुठेही येईन. पण सही मी डोळ्यांनी बघितलेल्यावरच करतो. काकू इथे झोपणार आहेत ना?"

मला रागच आला होता. जाताना म्हणाला, उद्या दुपारी कॅम्पला निघेन तो तुमच्याच रस्त्याने. भिंत उघडी दिसली तर थांबेन. नाहीतर मग चोवीस तारखेनंतर.

तसाच आयलीकडे गेलो. वाटलं होतं सांगू नये, पण तोंड आवरलं नाही. म्हटलं, कुठल्या गाढवाने त्यांना सांगितलं की तपासणी झाली म्हणून? ज्याने कुणी सांगितलं त्याला चौकात उभा केला पाहिजे.

आयलीने चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. नळीतून येणाऱ्या हवेचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाली, "सगळंच पाडावं लागेल?"

"सगळं."

"माझं चुकलं, रेनो."

हिचं काय चुकलं? आगीचं अजून मनाला लावून घेते, बिचारी. वास आधी यायला हवा होता म्हणते की काय. मी म्हटलं, "वेडी आहेस. तुझं काही चुकलं नाही." तर तिच्या डोळ्यांना पाणीच आलं. या औषधांनी माणूस हळवं होतं म्हणतात.

निघताना म्हणाली, "एकटा पाडू नकोस. ड्वाइटला हाक मार. माझ्यासाठी."

१४ नोव्हेंबर

हाक नाही मारली. उजाडताच पहार घेऊन मीच सुरुवात केली. पहिला बोर्ड उखडताना जो आवाज झाला, तो कुणी ऐकू नये असं वाटत होतं. पण ड्वाइट आमच्यावरूनच कॅम्पला जातो. गाडी वळवून आत आला आणि दारातच थबकला.

"काय करतोयस?"

सांगितलं. तो उपड्या बादलीवर बसला. शिकारीचं नारिंगी जाकीट, खिशात काडतुसं.

"मग त्या दिवशी तोंड का शिवलं होतंस?"

"तुम्ही कॉफी ओतत होतात."

"शाबास! एवढा मोठा झालास, पण मेल्या, 'थांबा' म्हणायला शिकला नाहीस." असं म्हणून तो उठला आणि बाहेर जाऊन फोन लावत बसला. तासाभरात चार गाड्या. मागे बिछाने, बंदुका, आठवड्याचं खाणं, सगळी कॅम्पला निघालेली माणसं. कुणी एक शब्द विचारला नाही. ज्यांनी लावले होते, त्यांनीच काढले. बोर्ड तुटू नयेत म्हणून स्क्रू एकेक करून काढत होते, पण ओला लेप वाळून धरला होता, बरेच तुटले. पिवळी भिंत सर्वांत शेवटी काढली. तिला हात लावायला कुणी पुढे होईना. कॉफी घेऊन आलेली मार्लीन म्हणाली, "काढा आता. बघत काय बसलात?" आणि स्वतः स्वयंपाकघरात निघून गेली. एवढा कसला त्या रंगाचा लळा!

दुपारी ट्रेम्बाथ थांबला. बॅटरी घेऊन प्रत्येक वाशाशी वाकला. आयलीच्या पलंगाच्या जागी येऊन थांबला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"काका, इकडे या."

वाशाच्या कडेला भोक. पट्टी नाही. आणि बोर्डाचा एक स्क्रू, बोर्ड निघाला तरी तुटून आत राहिलेला, सरळ वायरीच्या पोटात. मशीनची वायर.

ड्वाइट जवळ आला, बघितलं. "हा स्क्रू माझा. या भिंतीला मीच होतो."

म्हटलं, "पट्टी माझी राहिली."

ट्रेम्बाथने बॅटरी विझवली. "वीज आली असती तर लगेच काही झालं नसतं. झालं असतं ते कापूस तापल्यावर, सगळे झोपेत असताना." एवढंच बोलला. मी वासा धरून उभा राहिलो. काल मी याला दम देत होतो, शब्दावर सही कर म्हणून. आयलीच्या उशाशी.

ही वायर बदला, पट्ट्या ठोका, म्हणाला. म्हटलं, "तोवर तू जाशील. उद्या शिकार."

तो टोपी घालत म्हणाला, "हरणं काय, तिथेच असतात. सकाळी येतो."

१५ नोव्हेंबर

वायर बदलली. पट्ट्या ठोकल्या, लागत होत्या तिथे आणि नव्हत्या तिथेही. ट्रेम्बाथ नारिंगी कपड्यांतच आला, सगळं पुन्हा बघितलं आणि मेन बोर्डाशी पहिली तपासणी पास झाल्याची हिरवी चिठ्ठी चिकटवली. दूर जंगलात बंदुकांचे आवाज येत होते आणि तो माझ्या घरात गुडघ्यांवर बसून पट्ट्या बघत होता. त्याला पाव दिला बांधून. दुसरं काय देणार?

ड्वाइटही गेला नाही. लग्न झालं त्या वर्षीसुद्धा त्याने ही तारीख चुकवली नव्हती. म्हटलं, "जा ना, मी मारतो बोर्ड."

"तू मार. मी धरतो," म्हणाला. धरू दिलं.

२० नोव्हेंबर

बोर्ड झाले, सांधे झाले, स्विच आणि प्लग बसवतोय. रंग राहू दे, नुसता पांढरा लेप असला तरी चालेल. त्यासाठी कोण आणखी दिवस घालवणार?

डॉक्टरने आज मला बाहेर बोलावलं. म्हणाला, घरी न्यायचं असेल तर लवकर न्या. मी म्हटलं, चोवीसला शेवटची तपासणी, मग वीज, मग लगेच. तो म्हणाला, "तोवर इथे जास्त वेळ बसत चला." मी म्हटलं, बसलो तर घर कोण करणार?

आत गेलो तर आयली झोपली होती. उठवली नाही. हाताला प्लास्टर लागलं होतं, म्हणून तिला हातही लावला नाही. दोन स्विच राहिले होते, ते येऊन बसवले.

२४ नोव्हेंबर

पास.

ट्रेम्बाथने सही केली. त्याने खांद्यावर हात ठेवला. "काकूंना माझा नमस्कार सांगा." उद्या वीज येईल.

२७ नोव्हेंबर

काल आयली घरी आली.

दोन माणसांनी तिला पलंगावर ठेवलं. मी मशीनचा प्लग लावला. चालू झालं. तो घरघर आवाज ऐकून मला हसूच आलं, किती दिवसांनी. मग मी तिला सगळं दाखवायला लागलो. हे बघ, हा दिवा तुझ्या हाताशी. हा बाथरूमचा, रात्री आपोआप लागतो. हा प्लग फक्त तुझ्या मशीनचा, दुसऱ्या कशाला नाही. मी बोलतच होतो.

ती स्विचांकडे बघत नव्हती. खिडकीच्या भिंतीकडे बघत होती.

"पिवळा कुठे गेला?" म्हणाली.

माझा हात स्विचवरच राहिला. आग लागल्यापासून ती या खोलीत आलेली नव्हती. रंगाचं मी तिला कधी बोललो नव्हतो. बोर्ड पाडले एवढंच सांगितलं होतं.

"मीच केला होता ड्वाइटला फोन," ती म्हणाली. एकेक वाक्याला थांबत होती. "त्याने विचारलं, तपासणी झाली का. मी हो म्हटलं. मला वाटलं, दिवे लागतात का तेवढंच बघत असतील. रंग मी सांगितला. त्या स्वयंपाकघराचा."

"पण कशाला, आयली?"

"संपू दे म्हटलं एकदाचं. म्हणजे तू बसशील."

मला तो शनिवार आठवला. केस विंचरून बसलेली. माझी बाही धरणारी. आणि मी घड्याळ बघत होतो. हिला चौकात उभी करायला निघालो होतो मी. वाटलं, जमिनीत गडप व्हावं.

म्हटलं, "उद्या लावतो पिवळा. ड्वाइटकडे डबा आहे उरलेला. सकाळीच लावतो."

"उद्या नको."

"एका हाताचंच काम आहे गं."

"रेनो," ती म्हणाली. "तो दिवा मालव. आणि बस."

"हा? हा तर नवा—"

"तोच."

मालवला. बाहेर बर्फावर अजून उजेड होता, झाडाखाली एक हरिणी सफरचंदं हुंगत होती. मी खुर्ची ओढून पलंगाला लावली. कोट काढला. आयलीने माझी बाही धरली आणि डोळे मिटले. मशीन चालू होतं.

आज सुगीचे आभार मानायचा सण. मार्लीन ताट झाकून ठेवून गेली. ड्वाइट रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला, दारातून झोपलेल्या आयलीकडे बघितलं आणि मला खुणेनेच विचारलं. मी खुणेनेच भिंत दाखवली. तो आवाज न करता रंग लावतोय. मी हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण उजवी बाही तिने अजून सोडलेली नाही.